बॅगा कोचीत, आम्ही अगत्तीत: एका ट्रिपचं पूर्ण प्रकरण

मागच्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण पार्ल्याहून लक्षद्वीपला गेलो आणि अगत्तीच्या विमानतळावर उतरल्यावर कळलं की आमच्या सहा बॅगांपैकी चार कोचीतच राहिल्यात. त्यातल्या निळ्या बॅगेत बाबांचं इन्सुलिन होतं. पुढची फ्लाइट परवा. हे सगळं कसं झालं, कुठे टाळता आलं असतं आणि विमानाच्या बाजूने त्याचं नेमकं कारण काय होतं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण आमच्या सोसायटीतूनच आता दोन कुटुंबं तिकडे जायचं म्हणतायत आणि मला रोज तोच प्रश्न विचारतात, पंधरा किलो अलाउड आहे ना मग टेन्शन कसलं? टेन्शन आहे. पंधरा किलो तिकिटावर लिहिलेले असतात, त्या सकाळी विमान किती वजन घेऊन तिथे उतरू शकतं हा हिशोब वेगळाच असतो आणि तो तिकिटावर कुठेच नसतो.

कोण होतो, काय ठरलं होतं

मी, माझी दहा वर्षांची मुलगी, आई, बाबा, मावशी आणि काका. बाबा 72, डायबिटीस गेली अठरा वर्षं, इन्सुलिन सकाळ-रात्र जेवणाआधी. मावशीला बीपी. प्लॅन साधा होता, संध्याकाळच्या फ्लाइटने मुंबई ते कोची, रात्री एअरपोर्टजवळ नेडुंबासेरीला मुक्काम, सकाळी छोट्या विमानाने अगत्ती, तिथे होमस्टेला पाच रात्री. लक्षद्वीपला जायला आपल्याला परमिट लागतं, त्यासाठी पोलीस क्लिअरन्स लागतं, त्या सगळ्या कागदपत्रांत माझा दीड महिना गेला आणि खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष त्या कागदांवरच राहिलं. सहा फाइली केल्या, प्रत्येकीत परमिटच्या दोन-दोन कॉपी, आधार, फोटो. औषधं कोण कुठे ठेवतंय ते मी विचारलंच नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. बाबांनी कोचीला हॉटेलवर पहाटे इडली खायच्या आधी डोस घेतला, आणि मग इन्सुलिन टोचायचं चालू पेन, नवीन तीन पेनं, सुया, ग्लुकोमीटर असं सगळं जेल पॅकच्या पिशवीत घालून ती पिशवी निळ्या बॅगेत टाकली. का, तर त्यांच्या डोक्यात पक्कं होतं की सुया सिक्युरिटीला काढून घेतात. मुंबईहून निघतानाही त्यांनी तेच केलं होतं, तेव्हा बॅग व्यवस्थित आली म्हणून कुणाला कळलंच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असेल तर इन्सुलिन आणि सुया हँडबॅगेत नेता येतात, पण हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरात रोज त्यांच्या शुगरवरून बोलणाऱ्या आम्ही तिघींनीही नाही.

त्या सकाळी

काउंटरवर बॅगांचं वजन झालं, सगळ्या पंधराच्या आत. मग हँडबॅगाही काट्यावर ठेवायला लावल्या, मला वाटलं जास्त पैसे मागणार, पण त्यांनी नुसते आकडे लिहून घेतले. टॅग लागले, पावत्या मिळाल्या, कुणी काही बोललं नाही.

विमान एटीआर 72, म्हणजे दोन पंख्यांचं, पंख खिडकीच्या वर असतात त्यामुळे खालचं अगदी छान दिसतं. यात आपण मागच्या दाराने चढतो आणि सामानाचं मोठं दार पुढे, कॉकपिटच्या मागे असतं. आम्ही मागून चढून बसलो. मुलगी डावीकडच्या खिडकीशी होती. ती म्हणाली, आई आपली निळी बॅग परत चाललीये. मी म्हटलं, अगं दुसऱ्या कुणाची असेल. ती म्हणाली, नाही गं, आजीने पिवळी रिबन बांधलीये ना. मी वाकून पाहिलं तर ट्रॉली लांब गेली होती, सात-आठ बॅगा होत्या त्यावर, आणि मी तिला म्हटलं दुसऱ्या दाराने चढवत असतील. तेव्हा एअर होस्टेसला विचारलं असतं तर दार बंद व्हायच्या आधी निदान ती पिशवी काढून मिळाली असती का, माहीत नाही, पण विचारायला हवं होतं. दहा वर्षांच्या मुलीने पाहिलं, ओळखलं, सांगितलं, आणि मी ऐकलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच.

कोची ते अगत्ती साधारण साडेचारशे किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. खाली नुसतं पाणी. उतरायची वेळ झाली तसं कॅप्टनने सांगितलं की बेटावर पावसाची सर आहे, थोडा वेळ थांबतोय. मग आम्ही गोल फिरत राहिलो. त्या फेऱ्यांमध्ये खिडकीतून ती सर स्पष्ट दिसत होती, बाकी सगळीकडे ऊन आणि एकाच ठिकाणी आकाशातून पाण्यात उतरलेला करडा खांब, त्याच्या बुडाशी कुठेतरी बेट. मी घड्याळ बघत होते, बारा मिनिटं गेली. खांब सरकला, आणि तिथे हिरवी काडी पडल्यासारखं अगत्ती दिसायला लागलं, भोवती फिकट निळ्या पाण्याचा लगून आणि त्याच्या कडेला फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ.

बेट जेमतेम साडेसात किलोमीटर लांब, रुंदी सगळ्यात जास्त जिथे आहे तिथे एक किलोमीटर. विमानतळ दक्षिण टोकाला, तिथे बेट इतकं निमुळतं होतं की उतरताना दोन्ही खिडक्यांतून फक्त समुद्र दिसतो. चाकं बाहेर आली, पाणी वर वर यायला लागलं, मावशीने माझा हात धरला, ती पुटपुटत रामरक्षा म्हणत होती, आणि पाणी संपून वाळू दिसते न दिसते तोच चाकं टेकली. टेकली म्हणजे आपटली. मुंबईला विमान कसं हळूच टेकतं आणि मग बराच वेळ धावत राहतं, तसं इथे नाही. आपटल्याबरोबर पंख्यांचा आवाज बदलला, सगळे पुढे झुकलो, काकांचा चष्मा मांडीवर पडला. मग विमान टोकाशी वळलं आणि त्याच पट्टीवरून परत आलं. बाहेर पडल्यावर ओल्या डांबराचा आणि मिठाचा वास.

टर्मिनल छोटंसं. सामान आलं, लोक आपापलं उचलून निघाले, आणि आम्ही दोन बॅगा घेऊन उभे.

पुढचे सहा तास

काउंटरवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की लोडमुळे काही बॅगा ऑफलोड झाल्यात, पुढच्या फ्लाइटला येतील. पुढची फ्लाइट परवा. मी खूप चिडले, आवाजही चढवला. तो बिचारा बेटावरचाच मुलगा, त्याने निर्णय घेतला नव्हता, त्याने तक्रारीचा फॉर्म, ज्याला ते पीआयआर म्हणतात, तो भरून दिला आणि त्याची कॉपी जपून ठेवायला सांगितली. फॉर्मवर बॅगेचा रंग, टॅग नंबर, पत्ता आणि आत काय आहे ते लिहायचं असतं. मी मोठ्या अक्षरात इन्सुलिन लिहिलं. ते वाचून त्याचा चेहरा बदलला आणि त्यानेच आमच्या होमस्टेवाल्या इक्कांना फोन लावून सांगितलं की यांना आधी हॉस्पिटलला न्या.

तोपर्यंत साडेअकरा झाले होते. बाबांचा पुढचा डोस रात्रीचा, म्हणजे हातात आठ-नऊ तास होते, पण ग्लुकोमीटरही बॅगेतच, त्यामुळे शुगर किती आहे तेही कळेना. बाबा म्हणत होते काही होत नाही, दोन दिवस भात नाही खाल्ला की झालं. आई एक शब्द बोलत नव्हती. घाबरली की ती अशी गप्प होते.

बेटावरच्या हॉस्पिटलात तासाभरात काम झालं. शुगर 268. डॉक्टरांनी विचारलं इन्सुलिन कुठलं, किती युनिट. बाबांना युनिट पाठ, नाव पाठ नाही, ते म्हणाले निळ्या टोपणाचं. मी पार्ल्याच्या आमच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, त्यांनी दहा मिनिटांत प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला. जानेवारी 2024 मध्ये कोचीहून समुद्राखालून फायबर केबल सुरू झाली, त्याआधी बेटांचं नेट सॅटेलाइटवर चालायचं. तो फोटो झटकन उघडला तेव्हा त्या केबलची किंमत मला कळली. बाबांची ती पेनं तिथे नव्हती, पण व्हायलमधलं, म्हणजे छोट्या बाटलीतलं इन्सुलिन होतं. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, काय द्यायचं आणि किती ते ठरवलं, सिरिंजा दिल्या, आणि नर्सबाईंनी आईकडून एकदा समोर भरून घेतलं. अठरा वर्षं पेनाचं बटण दाबलं म्हणजे सिरिंज भरता येते असं नाही, आईचा हात थरथरत होता, तिसऱ्यांदा जमलं. मावशीच्या बीपीच्या गोळ्या तर तिथे सरळ मिळाल्या. व्हायल इक्कांच्या फ्रिजमध्ये गेली, मासळीच्या वरच्या कप्प्यात.

परवा बॅगा आल्या. पिवळी रिबन तशीच होती. मी धावत जाऊन पिशवी काढली, जेल पॅक पाणी झालेलं, कोमट. पार्ल्याच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले मे महिन्यात दोन दिवस कुठे, कशात पडलं होतं माहीत नाही, ती पेनं वापरू नका. इन्सुलिन कार्गोत टाकायचंच नाही, उष्णतेनेही खराब होतं आणि एकदा गोठलं तर मग वापरायचंच नाही, असंही त्यांनी तेव्हा सांगितलं. म्हणजे ज्या बॅगेची आम्ही दोन दिवस वाट पाहिली तिच्यातली जी वस्तू हवी होती ती फेकायचीच होती. उरलेले दिवस हॉस्पिटलच्या व्हायलवरच निघाले.

असं का झालं

मुंबईला परत आल्यावर आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा, जो लोड अँड ट्रिमचं, म्हणजे विमानात किती वजन आणि कुठे ठेवायचं याच्या हिशोबाचं काम करतो, त्याला मी घरी बोलावलं आणि सगळं विचारलं. त्याने एका वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवले आणि माझा निम्मा राग तिथेच गेला.

अगत्तीचा रनवे 1,204 मीटर. मुंबईचा मोठा रनवे जवळपास साडेतीन किलोमीटर, कोचीचा 3,400 मीटर. एटीआर 72-600 चं उड्डाणाचं कमाल वजन 23 टन, आणि तेवढ्या वजनाने, समुद्रसपाटीला, 15 डिग्री तापमानात त्याला उडायला साधारण 1,300 मीटर लागतात. म्हणजे कागदावरच अगत्तीला ते विमान पूर्ण भरून उडू शकत नाही, आणि मे महिन्यात तिथे 15 डिग्री कुठून येणार, 32 असतं, गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही उतरते.

मी म्हटलं पण आमच्या बॅगा तर जातानाच काढल्या, कोचीचा रनवे तर एवढा मोठा आहे. तो म्हणाला, काकू, प्रॉब्लेम उडायचा नाहीये, उतरायचा आहे. नियम असा की प्रवासी टर्बोप्रॉप, म्हणजे एटीआरसारखं पंख्यांचं विमान रनवेच्या सत्तर टक्के लांबीत थांबेल असाच हिशोब निघताना धरायचा. 1,204 चे सत्तर टक्के म्हणजे 843 मीटर. आणि पोचायच्या वेळी रनवे ओला असेल असा अंदाज असेल तर लागणारी लांबी आणखी पंधरा टक्के वाढवून धरायची, म्हणजे 843 भागिले 1.15, मग हातात उरतात 733 मीटर. ओला रनवे धरला की उतरताना विमानाचं जेवढं वजन चालतं ते एकदम खाली येतं. त्या दिवशी सरींचा अंदाज होता. मेच्या सुरुवातीला तिकडे वळवाच्या सरी येतातच.

आणि वजन कमी करायचं तर कशातून? विमान आहे तेवढंच. माणसं बसलेली. उरलं इंधन आणि सामान. इंधनाला हात लावता येत नाही, कारण लक्षद्वीपमध्ये विमान उतरेल असं विमानतळ हे एकच, इथे उतरता आलं नाही तर परत मुख्य भूमीपर्यंत जायला लागणार, म्हणजे पोचताना टाकीत तेवढं परतीचं इंधन हवं आणि त्यावर अर्ध्या तासाची शेवटची शिल्लक हवीच. मुंबईहून पुण्याला जाताना गाडीत परत यायचंही पेट्रोल भरून न्यायचं आणि वाटेत एकही पंप नाही, असं ते आहे, फक्त खाली समुद्र.

मग मी त्याला विचारलं, आम्ही बारा मिनिटं गोल फिरलो त्यात किती जळलं असेल? तो म्हणाला एटीआर तासाला साधारण साडेसहाशे किलो खातं, म्हणजे बारा मिनिटांचे 130. आमच्या राहिलेल्या चार बॅगांचं वजन पावत्यांवर होतं, 12, 14, 13, 13. बेरीज 52. मी ती बेरीज वहीत लिहून बराच वेळ बघत बसले. आमच्या बॅगा आणि त्या ट्रॉलीवरच्या बाकीच्यांच्या बॅगा काढून जी जागा झाली तिच्यातच त्या थांबण्याचा बराचसा भाग बसला होता. बॅगा काढल्या हे बरोबरच केलं, आणि पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा काढाव्यात, याबद्दल माझ्या मनात आता काही शंका नाही.

माझी तक्रार राहिली ती एकाच गोष्टीची, सांगितलं नाही याची. काउंटरवर एवढं जरी सांगितलं असतं की आज लोड टाइट आहे, काही बॅगा मागे राहू शकतात, औषधं वगैरे असतील तर काढून घ्या, तर तीस सेकंदांचं काम होतं. एअरलाइनला मी हे लिहून पाठवलं, उत्तर आलं, दिलगिरी होती आणि नियमाचा कलम नंबर होता. प्रवाशांना आधी सांगायची सोय करू असं त्यात कुठे नव्हतं. मी परत लिहिलंय.

रनवे वाढवत का नाहीत हे काकांनी त्या मुलाला विचारलंच. अगत्तीच्या दक्षिणेला कल्पिट्टी नावाचं चिमुकलं बेट आहे, तिथपर्यंत जोडून रनवे लांबवायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण मधे लगून आणि प्रवाळ आहे, आणि तो प्रवाळच बेटाला लाटांपासून वाचवतो. आम्ही तिथे काचेच्या तळाच्या होडीतून तो पाहिला, माझ्या मुलीने तास-दीड तास डोकं वर केलं नाही. आम्हाला दोन दिवस कपडे मिळाले नाहीत म्हणून तो बुजवावा असं मला तरी वाटत नाही. बेटावरच्या माणसांचं वेगळं, त्यांचा पेशंट अडतो, त्यांनी काय म्हणायचं ते त्यांनी म्हणावं.

आता जे जाणार आहेत त्यांच्यासाठी

सोसायटीतल्या दोन्ही कुटुंबांना मी एकच काम करायला लावलंय. प्रत्येकाने एक कापडी पिशवी अशी भरायची की मोठी बॅग आलीच नाही तरी दोन रात्री निघतील, आणि ती पिशवी खांद्यावरून काढायची नाही, विमानात वर जागा नसेल तर पायाशी. त्यात औषधं, चष्मा, चिठ्ठी, परमिटची कॉपी, एक जोडी कपडे. औषधांची नावं मोबाइलमध्ये फोटो काढून आणि कागदावरही, निळ्या टोपणाचं असं चालणार नाही. पिशवीचं वजन तीन-साडेतीन किलोच्या वर जाता कामा नये, कारण तीही काट्यावर जाते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना थायरॉइड, हार्ट आणि डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स आहेत, त्यांची पिशवी मी स्वतः त्यांच्यासोबत बसून भरली, दोनदा. कोचीला काउंटरवर स्वतःहून विचारायचं, आज लोड कसा आहे? आणि मुलं काही दाखवत असतील तर बघायचं.

परत येताना अगत्तीच्या सिक्युरिटीला बाबा माझ्या पुढे होते. शर्टच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये घडी केलेली हॉस्पिटलची चिठ्ठी, हातात थर्मासमध्ये व्हायल आणि दोन सिरिंजा. सिक्युरिटीवाल्याने थर्मास उघडून पाहिला, चिठ्ठी वाचली, शुगर का, असं हिंदीत विचारलं आणि झाकण लावून परत दिला. बाबा तिथेच उभे राहिले, त्यांना वाटलं अजून काहीतरी असेल. तो म्हणाला, हो गया अंकल, जाइए.